जुना सीलिंग पंखा आवाज करतोय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिमगा झाला की माझ्या फोनवर पंख्यांचे आवाज यायला लागतात. कुणी अनगोळहून, कुणी खानापूरहून, कुणी निपाणीहून पंखा चालू करून रेकॉर्डिंग पाठवतात आणि खाली लिहितात, "हे काय असंल?" बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, टर्नर म्हणून लेथवर बरीच वर्षे काढली, त्यामुळे बेअरिंगशी माझी जुनी ओळख. पंख्याचे काम मात्र मी घरच्या पंख्यावरच शिकलो. आईच्या लग्नात तिच्या मामांनी दिलेला, पात्यांवर सोनेरी पट्टा असलेला तो पंखा आजही माजघरात फिरतोय.

पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. बऱ्याच तक्रारी मोटार न उघडताच मिटतात, म्हणून पहिले सहा प्रश्न ओलांडून थेट बेअरिंगकडे उडी मारू नका.

१. आमचा पंखा लई आवाज करायलाय. सुरुवात कुठनं करू?

हत्यार घेण्याआधी कान द्या. पंखा पूर्ण वेगात सोडा, दोन मिनिटे फिरू द्या आणि बटण बंद करा. बटण बंद केल्याबरोबर आवाज थांबला आणि पाती मात्र फिरतच राहिली, तर तो विजेचा आवाज आहे: रेग्युलेटर, कंडेन्सर (कपॅसिटर), वाइंडिंग (मोटारीतले तारेचे वेटोळे) किंवा इन्व्हर्टर (प्रश्न ५, ६ आणि ११). पाती थांबेपर्यंत आवाज येत राहिला, तर काहीतरी सैल आहे, घासते आहे किंवा झिजले आहे (प्रश्न ३, ४ आणि ८). या एका चाचणीने निम्मे काम होते. मी गिऱ्हाइकाच्या घरी गेलो तरी पहिल्यांदा हेच करतो.

मग आवाजाची जात ओळखा. दर फेऱ्याला एकदा "टक" येत असेल, तर फिरणाऱ्या भागातला एखादा स्क्रू नाहीतर पाते बघा. सलग "घर्रर्र" असेल तर बेअरिंग. बारीक "कुई-कुई" वरून, छताजवळून येत असेल, तर हुकातले रबर.

२. बटण बंद केलं की काम करायला चालतंय का? मेन कशाला पाडायचं?

चालत नाही. जुन्या घरांत बटण कितीतरी वेळा न्यूट्रलवर बसवलेले असते. म्हणजे बटण बंद, पंखा बंद, पण पंख्यात लाईट आहेच. एमसीबी पाडा, जुने किटकॅट फ्यूज असतील तर ते काढून खिशात ठेवा आणि तरीही वायरींना टेस्टर लावून बघा.

आता आपल्याकडे घरोघरी इन्व्हर्टर आहे, त्यामुळे ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मेन पाडले की इन्व्हर्टरला वाटते लाईट गेली, आणि तो स्वतःहून पंख्याला वीज द्यायला लागतो. म्हणून आधी इन्व्हर्टर बंद करा, मग मेन पाडा.

शिडी पक्की हवी, टेबलावर खुर्ची ठेवून काम करू नका. पंखा खाली घेताना दोन माणसे लागतातच. मोटार चार-पाच किलोची असते आणि पिन निघाली की सगळे वजन एकदम हातावर येते.

३. खडखड आवाज येतोय, पण कधी येतो, कधी येत नाही. मोटार गेली काय?

बहुधा नाही. रॉडवर वर आणि खाली जे दोन कप असतात, त्यांचा स्क्रू सैल झाला की कप घसरतो. खालचा कप घसरून मोटारीवर टेकला तर घासतो, नुसता सैल असेल तर खडखडतो. कप हाताने धरून हलवून बघा. खालच्या बाजूला मोटारीच्या पोटावर जी टोपी असते, तीही तपासा.

त्यानंतर पात्यांचे स्क्रू. एका पात्याला मोटारीकडे दोन-तीन आणि पाते धरणाऱ्या पट्टीकडे दोन-तीन असतात. सगळे आवळा, आणि आवळताना स्प्रिंग वायसर जागेवर आहे का पाहा. वायसर नसेल तर आज आवळलेला स्क्रू महिन्यात पुन्हा सैल होतो. आटा गेला असेल तर कागद-दोरा भरून बसवू नका, एक नंबर जाड स्क्रू घ्या नाहीतर आटे पाडून घ्या. डोक्यावर फिरणाऱ्या वस्तूला दोरा पुरत नाही.

शेवटी वरचा हुक. रॉड ज्या बोल्टवर टांगलेला असतो, तिथे रबराची गोल रीळ असते. दहा-पंधरा वर्षांत ती चपटी होते, तडकते आणि लोखंड लोखंडावर घासायला लागते. रबर स्वस्त मिळते, बदलून टाका. बोल्टच्या टोकाची स्प्लिट पिन एकदा वाकवून काढली की पुन्हा वापरू नका, नवी घाला. तिथे खिळा किंवा तार घातलेले पंखे मी पाहिलेत. ते बघून पोटात गोळा येतो.

४. नवरात्राआधी सगळं घर धुतलं, पंखा पुसला, आणि दुसऱ्या दिवसापासून तो डुलायला लागला. पुसल्यानं पंखा बिघडतो का?

पुसल्याने नाही, पुसण्याच्या पद्धतीने बिघडतो. स्टुलावर उभे राहून एका हाताने ओला पंचा पात्यावरून ओढला की पाते खाली दबते. पाते म्हणजे पातळ ॲल्युमिनियम, त्याला धरणारी पट्टीही फार जाड नसते. दोन मिलिमीटर जरी वाकली तरी टोकाला मोठा फरक पडतो. पुसताना एक हात पात्याखाली आधाराला ठेवा, उशीच्या अभ्र्यात पाते घालून पुसले तर आणखी चांगले, धूळही अंगावर येत नाही.

आता डुलणे कसे काढायचे. एक लांब काठी घ्या, तिचे खालचे टोक जमिनीवर एका ठिकाणी टेकवा आणि वरच्या टोकावर पात्याच्या कडेची उंची पेन्सिलीने खूण करा. काठी तिथेच ठेवून पंखा हाताने फिरवा आणि दुसरे पाते त्याच जागी आणून खूण करा, मग तिसरे. तीन खुणा तीन-चार मिलिमीटरच्या आत असाव्यात. एखादे पाते जास्त खाली असेल, तर पट्टी हाताने हळूच वर दाबा, पुन्हा मोजा. पक्कड लावू नका, पट्टीला खाच पडते आणि तिथून ती पुढे तडकते.

उंची सारखी असूनही डुलत असेल तर वजनाचा प्रश्न. किराणा दुकानातल्या काट्यावर तिन्ही पाती तोलून बघा. पंखा उतरवताना पाती अदलाबदल झाली असतील किंवा एक पाते दुसऱ्या पंख्याचे लागले असेल, तर इथे कळते. थोडाच फरक असेल तर एका पात्याच्या मध्यावर, वरच्या बाजूने छोटा वायसर टेपने चिकटवा आणि मंद वेगात बघा. कमी झाले नाही तर दुसऱ्या पात्यावर, मग तिसऱ्यावर. जिथे पंखा शांत होतो, तिथे वायसर एम-सीलने पक्का करा. टेपवर कायमचे सोडू नका, सुटलेला वायसर गोळीसारखा येतो.

५. एक-दोन नंबरवर गुणगुणतो, पाचवर एकदम गप्प. का?

रेग्युलेटर. गोल फिरवायचे स्वस्त इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट मधेच कापून वेग कमी करतात, त्या कापलेल्या लाटेने मोटारीचे पत्रे थरथरतात. पायरीपायरीने "टक-टक" फिरणारा, आत कंडेन्सर असलेला रेग्युलेटर बसवा, गुणगुण जाते. पंख्याला हात लावायची गरज नाही.

६. लाईट असताना पंखा शांत, लाईट गेली की घूंऽऽ करतो. हे कसं काय?

पंखा तोच, वीज वेगळी. जुने आणि स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लाटेची वीज देतात, साइन वेव्ह इन्व्हर्टर हेस्कॉमच्या, म्हणजे आपल्याकडच्या वीज कंपनीच्या, विजेसारखी गोल लाट देतो. चौकोनी लाटेवर मोटार गुणगुणते आणि थोडी तापतेही. पंखा खोलून काही मिळणार नाही. पुढचा इन्व्हर्टर घेताना साइन वेव्हचा घ्या, तोवर पूर्ण वेगात चालवा म्हणजे रेग्युलेटरची गुणगुण तरी वर चढत नाही.

७. वरून दोन थेंब तेल सोडलं तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. नका सोडू. हल्लीच्या बहुतेक पंख्यांतले बेअरिंग दोन्ही बाजूंनी पत्र्याने झाकलेले असते, आत ग्रीस भरलेले असते. वरून सोडलेले खोबरेल किंवा शिलाई मशीनचे तेल आत गेले तर ग्रीस पातळ करून बाहेर काढते, आणि नाही गेले तर वाइंडिंगवर उतरते. आठ दिवस पंखा गप्प बसतो, मग आधीपेक्षा जास्त ओरडतो. गंज सोडवायचा स्प्रे मारणाऱ्यांचेही हेच होते, तो ग्रीस धुऊन टाकतो.

८. बेअरिंगच गेलंय हे नक्की कसं ओळखायचं?

मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करा. पंखा हाताने हळू फिरवा. हाताला बारीक खरखर लागते का, जशी पिठात वाळू आली की दाताला लागते? मोटार दोन्ही हातांनी धरून वर-खाली करा, "टक" करून खेळ जाणवतो का? लाकडी रूळ किंवा लाटणे घ्या, एक टोक रॉडला आणि दुसरे कानाला लावून कुणाला तरी पंखा हाताने फिरवायला सांगा. चांगले बेअरिंग "सूंऽ" असे एकसारखे ऐकू येते, गेलेले किरकिरते. ही चाचणी चालू पंख्यावर कधीच करायची नाही.

आपल्या हवेमुळे एक खास प्रकार घडतो. बेळगावात जून ते फेब्रुवारी अनेक घरांत पंखा लागतच नाही. खानापूरकडे तर पावसात भिंतींना ओल चढते. सात-आठ महिने बेअरिंग एकाच जागी थांबते, छर्रे जिथे टेकलेले असतात तिथे गंजाचे ठिपके पडतात, ग्रीस घट्ट होते. मार्चमध्ये बटण दाबले की घरघर. दहा-पंधरा मिनिटांत ती गेली आणि पुन्हा आली नाही, तर ग्रीस घट्ट झाले होते, राहू द्या. रोज येत राहिली तर ठिपके पडलेत, बेअरिंग बदलायचे. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पाच मिनिटे सगळे पंखे फिरवा.

९. कोणत्या नंबरचं बेअरिंग आणू? बेळगावात कुठं मिळंल?

जुने काढून त्याच्या कडेवरचा नंबर वाचा. बहुतेक घरगुती पंख्यांत ६२०१ किंवा ६२०२ असते, काहींत वर एक आणि खाली दुसरे. ६२०१ चे भोक १२ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ३२, जाडी १०. ६२०२ चे भोक १५, व्यास ३५, जाडी ११. नंबर पुसला असेल तर व्हर्नियरने हे मोजा. नंबरापुढे झेडझेड असेल तर दोन्ही बाजूंना पत्रा, टू-आरएस असेल तर रबर. पंख्याला झेडझेड घ्या, रबराचे किंचित जड फिरते.

उद्यमबागेच्या बाजूला बेअरिंगची दुकाने आहेत, तालुक्याच्या गावी मोटारसायकलच्या स्पेअर पार्टवाल्याकडेही हे नंबर मिळतात, कारण दुचाकींच्या चाकांत तेच लागतात. दुकानात कानडी बोला, मराठी बोला, नंबर तोच राहतो. जुने बेअरिंग खिशात घालून न्या आणि दोन्ही एकदम बदला. एक नवे, एक जुने ठेवले की सहा महिन्यांत पुन्हा शिडी चढावी लागते. नव्यावरचा नंबर पुसट, वेडावाकडा छापलेला दिसला तर घेऊ नका, खोटा माल बराच आहे.

१०. बेअरिंग बदलायची सगळी कृती सांगा ना.

आधी वायरींचा फोटो काढा. कुठली वायर कुठे हे रंगावरून लक्षात ठेवू नका, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे असतात. मग पाती काढा, पंखा उतरवा, रॉड सोडवा. गोणपाटावर मोटार ठेवा.

मोटारीची दोन झाकणे असतात. दोन्ही झाकणांच्या जोडावरून आडवी एक खूण करा, खिळ्याने ओरखडा काढला तरी चालेल. बसवताना ही खूण जुळली नाही तर पंखा डुलतो आणि मग तुम्ही प्रश्न ४ मध्ये अडकता. स्क्रू काढा, झाकणाच्या कडेवर लाकडी हातोडीने गोल फिरत हलके ठोके द्या. मधे स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, आत कडेलाच वाइंडिंग आहे. सीलिंग पंख्यात मधला भाग स्थिर असतो आणि बाहेरचे कवच फिरते, वायरी पोकळ शाफ्टमधून वर येतात. त्या ओढल्या जाणार नाहीत याकडे पूर्ण लक्ष ठेवा, तुटलेली वायर आतून जोडणे घरचे काम नाही.

जुने बेअरिंग छोट्या पुलरने काढा. पुलर गॅरेजमधून तासाभरासाठी मागून आणता येतो. शाफ्ट आणि झाकणातली बैठक डिझेलच्या फडक्याने पुसून कोरडी करा.

बसवण्यात एकच नियम आहे आणि तो मी मोडून शिकलो. मामांच्या त्याच पंख्याचे बेअरिंग पहिल्यांदा बदलले तेव्हा मी बाहेरच्या कड्यावर हातोडी मारून ते शाफ्टवर चढवले. छान बसले. आठव्या दिवशी घरघर सुरू. खोलून बघितले तर आतल्या कड्याच्या वाटेवर ओळीने खळगे, प्रत्येक छर्ऱ्याखाली एक. हातोडीचा ठोका छर्ऱ्यांतून गेला होता. म्हणून शाफ्टवर चढवताना दाब फक्त आतल्या कड्यावर द्यायचा. आतल्या कड्याएवढ्या व्यासाचा जाड पाइपचा तुकडा घ्या, तो कड्यावर टेकवा आणि पाइपवर ठोका. झाकणात बसवताना याच्या उलट, दाब बाहेरच्या कड्यावर.

झाकण लावताना एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसरा, असे करू नका. आलटून-पालटून समोरासमोरचे थोडे थोडे आवळा आणि दर वेळी हाताने फिरवून बघा. घासायला लागले तर तिथेच थांबा, ढिले करा, झाकण सरळ करा.

बेअरिंग शाफ्टवर सैल बसत असेल, त्याचे आतले कडे शाफ्टवर नुसत्या बोटाने फिरत असेल, तर शाफ्ट झिजलाय. कुणी पंचने शाफ्टला खड्डे पाडून जाड करायला सांगेल, ते चार महिने टिकते. वर्कशॉपमध्ये नेऊन शाफ्ट भरून लेथवर पुन्हा मापात काढून घ्या.

११. पंखा सावकाश फिरतो, गुणगुणतो, कधी कधी हाताने ढकलावं लागतं. बेअरिंग का?

हाताने मोकळा फिरत असेल तर कंडेन्सर कमजोर झालाय. तो वरच्या कपात असतो, बहुतेक २.५ किंवा ३.१५ एमएफडीचा (मायक्रोफॅरडचा). काढण्याआधी त्याची दोन टोके होल्डरमध्ये बसवलेल्या साध्या बल्बच्या वायरींना लावा, आतली शिल्लक वीज उतरते. जुन्यावर जो आकडा आहे तोच घ्या. "चारचा घाला, जोरात फिरंल" असे सांगणारे भेटतात. फिरतो थोडा जोरात, पण वाइंडिंग तापते आणि गुणगुण वाढते. प्लस-मायनस काही नसते, टोके कशीही लावा.

कंडेन्सर बदलूनही सावकाश असेल तर व्होल्टेज बघा. शेतातल्या पंपांना थ्री फेज येते त्या वेळात गावातले व्होल्टेज पडते, तेव्हा पंख्याचा दोष नसतो.

१२. आमचं घर कौलारू. पंखा तुळईला टांगलाय. पंखा जवळून ऐकला तर गप्प, पण खोलीभर घूं घूं.

तुळई आवाज मोठा करते, वीणेच्या भोपळ्यासारखी. पंख्याची बारीकशी थरथर लाकडात उतरते, कौले आणि रिपा तिला साथ देतात. आधी प्रश्न ४ प्रमाणे डुलणे काढा, मग तुळईला धरणाऱ्या पट्टीचे बोल्ट बघा. उन्हाळ्यात लाकूड आकसते, बोल्ट सैल होतात, पावसात फुगून पुन्हा घट्ट होतात. पट्टी आणि लाकूड यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या टायरचा तुकडा घालून आवळा. आणि तिथवर चढलाच आहात तर वाळवी लागलीय का ते टोचून बघा. लाकूड पोकळ वाजले तर पंखा त्या दिवशीच उतरवा.

१३. घरात माग आहे / शेजारी तंबाखूची वखार आहे. आमचे पंखे लवकर का बिघडतात?

वडगाव-शहापूरकडे मागाचे तंतू, निपाणीकडे तंबाखूची भुकटी. पात्याची हवा कापणारी कड भुकटीने जाड होते, तिन्ही पात्यांवर ती सारखी बसत नाही आणि पंखा डुलतो. तंतू शाफ्टभोवती गुंडाळून बेअरिंगपर्यंत जातात आणि ग्रीस शोषून घेतात. पंधरवड्याला पाती पुसा, शाफ्टजवळचे तंतू चिमट्याने काढा. टू-आरएस बेअरिंग (प्रश्न ९) अशा घरांत मात्र जरूर घ्या.

१४. पंख्याला टेस्टर लावला तर पेटतो. आवाजाशी संबंध आहे का?

संबंध असो-नसो, पंखा बंद करा. ओल धरून वाइंडिंगमधून वीज बाहेर येत असेल किंवा वायरीची साल रॉडच्या कडेला घासून निघाली असेल. साल निघाली असेल तर वायर बदलता येते. वाइंडिंग असेल, जळका वास असेल किंवा मोटार हात ठेवता येणार नाही इतकी तापत असेल, तर रिवाइंडिंगवाल्याकडे द्या. देताना तांब्याच्या तारेचेच करायला सांगा.

१५. एवढं करण्यापेक्षा नवा बीएलडीसी पंखा घेऊ का?

हिशेब मांडा. जुना पंखा साधारण ७५ वॉट खातो, बीएलडीसी, म्हणजे ब्रशलेस मोटारीचा, २८ ते ३५. रोज बारा तास चालला तर दिवसाला साधारण अर्धे युनिट, महिन्याला १४ ते १७ युनिट वाचतात. पण कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती, म्हणजे घरगुती मोफत विजेची सरकारी योजना, आहे. महिना २०० युनिटच्या आत आणि तुमच्या आधीच्या सरासरीवरून ठरलेल्या मर्यादेत असाल, तर बिलच शून्य आहे, मग पैशात काही वाचत नाही. मर्यादेच्या काठावर असाल तर मात्र ते १५ युनिट फार मोलाचे.

बेअरिंगची जोडी दोन-तीनशेच्या आत येते. वाइंडिंग चांगले, शाफ्ट चांगला, तर मी जुना पंखाच ठेवीन. वाइंडिंग जळले असेल आणि शाफ्टही झिजला असेल तर नवा घ्या. बीएलडीसीच्या आत लोहचुंबक आणि सर्किट असते, तो या पानावरून खोलू नका, आणि त्याला भिंतीवरच्या जुन्या रेग्युलेटरमधून वीज देऊ नका.

१६. सगळं तुम्ही सांगितलं तसं केलं. आवाज गेला. पण वाराच लागत नाही!

पंखा उलटा फिरतोय. खाली उभे राहून पात्यांकडे बघा: पात्याची उचललेली कड पुढे चालायला हवी, पडलेली नाही. जोडताना रनिंग आणि स्टार्टिंगच्या वायरी अदलाबदल झाल्या. कंडेन्सर या दोन वायरींच्या मध्ये असतो. त्याच्या ज्या टोकाला आता फेज जोडलेली आहे ती काढून दुसऱ्या टोकाला लावा, न्यूट्रल जिथे आहे तिथेच राहू द्या. हे करताना पुन्हा प्रश्न २: आधी इन्व्हर्टर, मग मेन, मग टेस्टर. जोडून झाले की खाली उतरा, पंख्याखाली पंचाचे टोक हातात धरून उभे राहा आणि बटण दाबायला सांगा. पंचा खाली दाबला गेला की शिडी ठेवून द्या.